अंथरूण पाहून बटण पसरावे

ॲपमधले बटण सापडेनासे झाले की घरातली वडीलधारी माणसे चष्मा पुसतात आणि स्वतःला दोष देतात. पुष्कळदा दोष चष्म्याचा नसतो. ॲप बनवणाऱ्याने माप चुकीच्या ठिकाणी घेतलेले असते.

दिवाळीत दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या गृहिणीला भूमिती येते का, असे कुणी विचारत नाही. पण ती जे करते ती भूमितीच असते. गावच्या घरापुढे अंगण ऐसपैस असते. तिथे १५ ठिपके, १५ ओळींची रांगोळी काढताना दोन ठिपक्यांत चार बोटांचे अंतर सहज ठेवता येते. तीच रांगोळी शहरातल्या फ्लॅटच्या दारात काढायची वेळ आली, तर ती ठिपके कमी करत नाही, अंतर कमी करते. आधी जागा नजरेने मोजायची, मग तिचे १५ भाग करायचे आणि मगच पहिला ठिपका टेकवायचा. नक्षी तीच राहते, माप मात्र दारातल्या जागेप्रमाणे बदलते.

मोबाईल फोनसाठी ॲप तयार करणाऱ्यांपुढे रोज हाच प्रश्न असतो. मजकूर, चित्रे, बटणे, रकाने ही त्यांची नक्षी. अंगण मात्र दर घरी वेगळे. मुलाचा फोन मोठा, आजोबांचा जुना आणि लहान, नातवंडांच्या हातात टॅब्लेट. एकच ॲप या सगळ्यांवर नीट दिसले पाहिजे. ज्याला हे रांगोळीचे गणित जमले त्याचे ॲप कुठेही शोभते. ज्याला जमले नाही, त्याच्या ॲपमधले ‘पुढे जा’ हे बटण कुणाच्या तरी पडद्याबाहेर लटकत राहते.

पडदा एक होता तोवर

सुरुवातीला हा प्रश्न फारसा नव्हताच. २००७ साली ॲपलचा पहिला आयफोन आला, तेव्हा त्याचा पडदा ३२० ठिपके रुंद आणि ४८० ठिपके उंच होता. बाहेरच्यांनी ॲप बनवायला पुढच्या वर्षी सुरुवात केली, तेव्हाही माप तेच होते. त्यामुळे ‘बटण डाव्या कडेपासून २० ठिपक्यांवर ठेवा, त्याची रुंदी २८० ठिपके’ असे लिहून टाकले की काम झाले. उजवीकडे आपोआप २० ठिपके उरत. बटण मधोमध दिसे.

मग २०१० साली आयफोन ४ आला. पडदा हातात धरला तर तेवढाच, पण ठिपके दुप्पट बारीक: ६४० बाय ९६०. जुन्या हिशेबाने काढलेले बटण या पडद्यावर निम्मे झाले असते. म्हणून ॲपलने ठिपक्याऐवजी ‘पॉइंट’ हे एकक वापरले आणि पडदा ३२० बाय ४८० पॉइंटांचाच मानला. २००८ पासून बाजारात आलेल्या अँड्रॉइड फोनांनी ‘डीपी’ नावाचे असेच एकक घेतले. एका इंचात १६० ठिपके असलेल्या पडद्यावर एक डीपी म्हणजे एक ठिपका. एका इंचात ३२० ठिपके असतील तर एक डीपी म्हणजे दोन ठिपके. ठिपका बारीक असो की जाडा, बटण हाताला साधारण तेवढेच लागावे, ही त्यामागची सोय.

त्याने बारीक-जाड्याचा प्रश्न सुटला, लहान-मोठ्या अंगणाचा सुटला नाही. २०१२ चा आयफोन ५ अधिक उंच निघाला, तेव्हा जुनी ॲप्स त्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊन दिसू लागली. सिनेमास्कोप चित्रपट जुन्या टीव्हीवर दिसायचा तशी. २०१४ साली रुंदीही वाढली. आता आयफोन ६ चा पडदा ३७५ पॉइंट रुंद होता. त्यावर ते जुने बटण डावीकडून २० पॉइंटांवर सुरू होऊन ३०० वर संपे आणि उजवीकडे ७५ पॉइंट रिकामे राहत. मधोमध असलेले बटण एका रात्रीत डावीकडे सरकल्यासारखे झाले. ते जागचे हललेले नव्हते. पडदा वाढला होता.

हिस्सा सांगा, माप नको

यावरचा उपाय वेबच्या जगात आधीच सापडलेला होता. होकॉन व्हियुम ली या नॉर्वेच्या संगणकतज्ज्ञाने १९९४ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन केंद्रात असताना वेबपानांच्या रूपासाठी एक नियमावली सुचवली. तीच पुढे ‘सीएसएस’ नावाने प्रसिद्ध झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली अधिकृत आवृत्ती निघाली. तीत रुंदी टक्क्यांत सांगण्याची सोय पहिल्यापासून होती. पण पाने सजवणारे बरेच जण छपाईच्या धंद्यातून आलेले. कागद एकदा कापला की त्याचे माप बदलत नाही, ही त्यांची सवय. त्यांनी वेबपानही कागदासारखे ठराविक रुंदीचे करून टाकले. एप्रिल २००० मध्ये जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियन लेखकाने या सवयीवर बोट ठेवले. वेबपानाची रुंदी वाचणाऱ्याच्या पडद्यानुसार बदलते हा त्याचा दुर्गुण नसून गुण आहे, असे त्याचे म्हणणे होते.

२००९ साली ईथन मार्कॉट या अमेरिकन डिझायनरने हे सगळे एका भागाकारात बसवले. वस्तूचे माप भागिले तिच्या चौकटीचे माप, बस्स. आपल्या बटणाला हा नियम लावून पाहा. २८० भागिले ३२० म्हणजे ०.८७५, अर्थात साडेसत्याऐंशी टक्के. आता ‘२८० पॉइंट’ असे न लिहिता ‘चौकटीच्या साडेसत्याऐंशी टक्के, आणि मधोमध’ असे लिहायचे. ३७५ रुंदीच्या पडद्यावर बटण सुमारे ३२८ चे होईल, ४१४ च्या पडद्यावर सुमारे ३६२ चे. दोन्ही बाजूंची मोकळी जागा आपोआप सारखी राहील. २०१० च्या मे महिन्यात मार्कॉटने या पद्धतीला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ असे नाव दिले. माणसांच्या वावरानुसार बदलणाऱ्या इमारतींची कल्पना वास्तुशास्त्रात तेव्हा चर्चेत होती, तिच्यावरून हे नाव त्याला सुचले.

टक्के, पण कशाचे?

ग्यानबाची मेख आहे ती इथे. टक्का हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. शंभराचे ५० टक्के आणि दहाचे ५० टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक. ॲपमध्ये एका चौकटीत दुसरी, दुसरीत तिसरी, अशा चौकटी एकमेकींच्या पोटात असतात. बाहेरच्या चौकटीला कारागीर मंडळी ‘पालक’ म्हणतात आणि आतल्या चौकटीला ‘अपत्य’.

शेतीच्या वाटणीसारखेच हे असते. आजोबांच्या जमिनीतला निम्मा वाटा मुलाला मिळाला आणि त्यातला निम्मा नातवाला, तर नातवाकडे मूळ जमिनीची चौथाई येते. नातू ‘निम्मी माझी’ म्हणत आजोबांच्या सातबाऱ्याकडे बोट दाखवू लागला तर भांडण ठरलेले.

ॲपमध्ये हे भांडण रोज होते. समजा, टॅब्लेटचा पडदा ८०० पॉइंट रुंद आहे. बातमीच्या चित्राला कुणी ‘पडद्याच्या ४० टक्के’ असे माप दिले. म्हणजे ३२० पॉइंट. मुख्य पानावर ते छान दिसते. उद्या तेच चित्र बाजूच्या २०० पॉइंटांच्या रकान्यात ठेवले, तर ते रकाना फोडून १२० पॉइंट बाहेर येते आणि शेजारच्या मजकुरावर चढते. त्याला ‘रकान्याच्या ८० टक्के’ म्हटले असते, तर ते १६० पॉइंटांचे होऊन मुकाट आत बसले असते.

आता तर ‘पडदा केवढा’ या प्रश्नाचे उत्तरही स्थिर राहिलेले नाही. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून एकाच पडद्यावर दोन ॲप्स शेजारी-शेजारी उघडता येतात. २०१९ पासून घडी घालता येणारे फोन बाजारात आले. घडी उघडली की ॲपचे अंगण क्षणात दुप्पट होते. म्हणून प्रत्येक बटणाने, प्रत्येक चित्राने विचारायचा प्रश्न एकच: माझ्या वाट्याला लगतच्या चौकटीत जागा किती?

हा प्रश्न विचारणे साधे वाटते, पण त्याची सोय वेबवर यायला बरीच वर्षे लागली. क्रोम ब्राउझरमध्ये ती ऑगस्ट २०२२ मध्ये आली, सफारीत सप्टेंबर २०२२ मध्ये आणि फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये. उशिराचे एक मोठे कारण म्हणजे गोल फिरणारा हिशेब. ‘हॉल केवढा घ्यायचा ते पाहुणे मोजून ठरवू’ असे वधूपिता म्हणतो आणि ‘पाहुणे किती बोलवायचे ते हॉल पाहून ठरवू’ असे वरपिता म्हणतो. लग्न कधी लागणार? चौकट जर आतल्या मजकुराएवढी होणार असेल आणि मजकूर चौकटीच्या निम्मा होणार असेल, तर संगणकही असाच अडकतो. तेव्हा दोघांपैकी एकाने आधी आकडा सांगावा लागतो.

‘फ्लटर’ या गूगलच्या ॲप बनवण्याच्या साधनाने (पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८) हा तंटा घरगुती पद्धतीने मिटवला आहे. आधी पालक अपत्याला सांगतो, ‘कमीत कमी एवढे आणि जास्तीत जास्त एवढे.’ अपत्य त्या मर्यादेत आपले माप निवडून कळवते. मग त्याला कुठे बसवायचे ते पालक ठरवतो. ॲपलच्या ‘ऑटो लेआउट’ची तऱ्हा निराळी. आयफोनवर २०१२ पासून आलेली ही प्रणाली सगळ्या अटी समीकरणांसारख्या मांडून एकदम सोडवते. त्यामागची गणिती रीत १९९० च्या दशकातली. तिचे नाव ‘कॅसोवरी’, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीमधल्या शहामृगासारख्या धिप्पाड पक्ष्याचे.

बोट काही आकसत नाही

इथवर वाचून कुणाला वाटेल, सगळे टक्क्यांत लिहिले की झाले. तसे नाही. रांगोळीत ठिपक्यांमधले अंतर कमी करता येते. चिमटीतून पडणारी रेघ मात्र ठराविक जाडीचीच पडते. ठिपके फारच जवळ आले की रेघा एकमेकींत मिसळतात आणि कमळाचा डाग होतो. ॲपमध्ये ही चिमटी म्हणजे माणसाचे बोट. पडदा लहान झाला म्हणून अंगठा लहान होत नाही.

म्हणून बोटाने दाबायच्या जागेचे किमान माप ठरलेले आहे. ॲपलच्या सल्ल्याप्रमाणे ते ४४ बाय ४४ पॉइंट, तर अँड्रॉइडच्या सल्ल्याप्रमाणे ४८ बाय ४८ डीपी. हाताच्या भाषेत साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर. आता पाच बटणांची एक ओळ घ्या, प्रत्येकी २० टक्के. ३२० च्या चौकटीत प्रत्येकाला ६४ मिळतात, उत्तम. तीच ओळ २०० च्या चौकटीत गेली की प्रत्येकाच्या वाट्याला ४० येतात आणि बोट शेजारच्या बटणावर पडू लागते. ‘रक्कम पाठवा’च्या जागी ‘रद्द करा’ दाबले गेले तर निदान निभावते. उलट झाले तर निस्तरावे लागते. जाणता कारागीर अशा वेळी बटणे बारीक करत नाही, ओळ मोडून दोन ओळी करतो.

वरच्या टोकालाही मर्यादा हवी. मोठ्या पडद्यावर मजकुराचा रकाना ९० टक्के ताणला, तर ओळ इतकी लांब होते की डोळा परतताना पुढची ओळ चुकतो. म्हणून चांगले माप तीन आकड्यांचे असते: किमान एवढे, शक्यतो चौकटीचा एवढा हिस्सा आणि कमाल एवढे. २०२० सालापर्यंत प्रमुख ब्राउझरांत हे तिन्ही आकडे एका ओळीत लिहिण्याची सोय आली. हिस्सा जागेप्रमाणे आणि मर्यादा माणसाप्रमाणे, असा हा सौदा आहे.

‘पूर्ण’चे ‘पण’ होते तेव्हा

मराठी वाचकाला या मापांचा आणखी एक चटका बसतो. रोमन अक्षरे बरीचशी एका पट्टीत बसतात. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय असा वर-खाली संसार असतो. इंग्रजी शब्द डोळ्यांपुढे ठेवून बटणाची उंची पक्की ठोकली आणि मग त्यात मराठी ओतले, की कात्री लागते. ‘पूर्ण’ या शब्दाचा वरचा रफार आणि खालचा ऊकार छाटला गेला तर काय उरते? ‘पण’! अर्ज भरून झाल्यावर शेवटच्या बटणावर ‘पण’ दिसले, तर माणसाने दाबावे की थांबावे?

लांबीचेही तसेच. ‘ओके’ची जागा ‘ठीक आहे’ला पुरत नाही. ‘सेव्ह’च्या जागेत ‘जतन करा’ मावत नाही; मग ‘जतन…’ एवढेच लिहून पुढे तीन टिंबे येतात. हिंदी, तमिळ, बंगाली, मल्याळम वाचणाऱ्यांच्या वाट्याला हीच कथा वेगवेगळ्या शब्दांत येते. बावीस अनुसूचित भाषांच्या देशात बटणाची लांबी-रुंदी एकाच भाषेवरून ठोकणे म्हणजे सगळ्या भावंडांना थोरल्याच्या मापाचे शर्ट शिवण्यासारखे आहे.

यावरची तोड सोपी आहे. उंची ठोकायचीच नाही. अक्षरांच्या वर-खाली अक्षराच्याच मापात मोकळी जागा सोडायची आणि चौकटीला मजकुराबरोबर वाढू द्यायचे.

किंमत कोण मोजतो?

वाढू देण्याची गरज सर्वांत जास्त कुणाला? ज्याने फोनची अक्षरे मोठी करून घेतली आहेत त्याला. चाळिशी उलटली की हळूहळू घरातले सगळेच त्या रांगेत येतात. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून अक्षरे थेट दुप्पट करता येतात. वेबसाठी नियम घालणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने तर २००८ च्या मार्गदर्शिकेतच सांगून ठेवले आहे, की अक्षरे दुप्पट केल्यावरही मजकूर किंवा सोय हरवता कामा नये.

प्रत्यक्षात काय होते? मुलगा सुट्टीत घरी येतो, आईच्या फोनची अक्षरे मोठी करून देतो आणि परत जातो. चार दिवसांनी ती वीजबिल भरायला बसते. मोठ्या अक्षरांनी पान लांबते, पण चौकट ठोकलेली असल्यामुळे ते सरकत नाही आणि शेवटचे बटण पडद्याच्या खाली कुठेतरी राहते. ती वर-खाली बोट फिरवते, फोन बंद करून चालू करते आणि शेवटी ‘मला यातले कळत नाही’ म्हणून फोन शेजारच्या दुकानदाराच्या हातात देते. पिन सांगते. आलेला ओटीपीही वाचून दाखवते. दुकानदार सज्जन असेल तर प्रश्न नाही. पण पैशांची गुप्त किल्ली परक्याच्या हातात गेली ती एका बटणाला नीट जागा मिळाली नाही म्हणून.

पेन्शनचा हयातीचा दाखला, रेशन, बँक, रेल्वेचे तिकीट, दवाखान्याची वेळ, अशी कितीतरी कामे आता फोनवरून करावी लागतात. त्यामुळे हा प्रश्न निव्वळ सजावटीचा राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे अशी तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ऑनलाइन ओळख पटवण्याची पद्धत दिव्यांगांना जमेल अशी करण्याचे निर्देश दिले. तो खटला मुख्यतः ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या आणि दृष्टिहीन नागरिकांचा होता. पण धुरकट दिसणाऱ्या आजीचा आणि थरथरत्या बोटांच्या आजोबांचा प्रश्न त्याच्या शेजारचाच आहे.

घरी एवढे करून पाहा

एखाद्या ॲपमधले बटण दिसेनासे झाले तर फोन कुणाच्या हाती देण्याआधी पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

एक, फोनच्या सेटिंगमध्ये ‘फॉन्ट साइझ’ आणि ‘डिस्प्ले साइझ’ अशा दोन वेगळ्या पट्ट्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत असतात. पहिली फक्त अक्षरे वाढवते, दुसरी बटणांसकट सगळेच. अडलेल्या कामापुरती आधी दुसरी पट्टी एक घर मागे घ्यावी. नाही जमले तर पहिली. काम झाले की पूर्ववत करावे.

दोन, फोन आडवा धरून पाहावा. काही ॲप्स आडवी होतात आणि लपलेले बटण बाहेर येते.

तीन, टंकफलक म्हणजे कीबोर्ड उघडा असेल तर तो मिटवावा. पुष्कळदा बटण त्याच्याच खाली दडलेले असते.

चार, त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ॲपच्या तक्रार विभागाकडे पाठवावा. सोबत फोनचे मॉडेल, भाषा आणि अक्षरांचा आकार लिहावा. ‘ॲप चालत नाही’ या तक्रारीचे काही होत नाही. ‘अक्षरे सर्वांत मोठी केल्यावर तिसऱ्या पानावरचे बटण दिसत नाही’ ही तक्रार कारागिराला नेमकी जागा दाखवते. त्या चित्रात खाते क्रमांक किंवा ओटीपी दिसत नाही ना, तेवढे आधी पाहून घ्यावे.

आणि घरात कुणी मुलगा-मुलगी ॲप बनवायला शिकत असेल, तर त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. ॲप तयार झाले की भाषा मराठी करायची, अक्षरे सर्वांत मोठी करायची आणि घरातल्या सर्वांत जुन्या, सर्वांत लहान पडद्याच्या फोनवर ते आजीच्या हातात द्यायचे. शेजारी बसायचे, पण सांगायचे काही नाही. तिने शेवटचे बटण न विचारता दाबले, की समजावे मापे बरोबर घेतली आहेत. ती अडली तर तिला समजावत बसू नये; पुन्हा संगणकापुढे बसावे आणि कोणत्या चौकटीत आकडा ठोकला गेला आहे ते शोधावे.